एका टोल्याचे आवाज

"एक टोला मारला की दोन आवाज येतात, टीचर. त्यातला माझा कुठला?"

टीचर वाल सोलत होत्या. मोड आलेला दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा. साल बोटांत, दाणा स्टीलच्या भांड्यात.

टण्.

"ऐकताय ना?"

"हं."

"म्हणजे बघा, मी काठी एकदाच मारते. तर एक आवाज येतो आणि त्याच्या शेपटाला धरून लगेच दुसरा. टप् असं यायला हवं. येतं टटप्. अख्खा ठेका तोतरा झालाय."

"हं."

टण्.

'हं हे काही उत्तर नव्हे' असं रेजिना टीचरना सांगायची माझी टाप नाही. त्यांच्या वडिलांचा वसईत लग्नाचा बँड होता. फ्रॉक घालायच्या वयात गळ्यात ड्रम अडकवून त्या वरातीत चालल्या, आणि पुढे उभा जन्म चर्चच्या माळ्यावर, क्वायरच्या मागे, ड्रम वाजवत बसल्या. मी कॉलेजात असताना त्यांच्याकडे शिकायला लागले. त्या फार बोलत नाहीत. जे बोलतात ते मला कळायला दोन-तीन वर्षं लागतात.

या वेळी माझ्याकडे उद्या दुपारपर्यंतचाच वेळ होता.

"दोन," टीचर म्हणाल्या.

"दोन काय?"

"दोन आवाज म्हणालीस."

"हो."

"तीन असतात."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्या मांडीवर निषाद, वय साडेसात महिने, माझ्या ओढणीचं टोक चघळत होता. तोही बघत राहिला.

"टीचर, माझं दोनातच डोकं उठलंय. हा तिसरा कुठून आणताय?"

"मी नाही आणत." त्यांनी वालांची परात माझ्याकडे सरकवली. "सोल."

मी सोलायला लागले. माझा पहिला दाणा भांड्याऐवजी कपाटाखाली गेला.

"बाय, सावकाश."

"सावकाश करायला वेळ कुठंय? उद्या दुपारपर्यंत व्हायला हवं."

टण्. हा त्यांचा.

मग मी वाल सोलता सोलता सगळं गाऱ्हाणं पहिल्यापासून सांगितलं.

माझा ड्रमसेट इलेक्ट्रॉनिक आहे. फ्लॅटमध्ये खरा ठेवता येत नाही, शेजारी राहू देणार नाहीत, बाळ दचकून उठेल. रबराची पॅड्स, त्यांना जोडलेलं एक खोकं, खोक्याला हेडफोन. पॅडवर काठी मारली की खोकं ड्रमचा आवाज काढतं, पण तो फक्त माझ्या कानात. बाकीच्या जगाला नुसती काठी रबरावर पडल्याचं ऐकू येतं. टक टक टक. सासूबाई पहिल्यांदा स्वयंपाकघरात डोकावून आल्या आणि मग माझ्या खोलीत. म्हणाल्या, "मला वाटलं तू कोथिंबीर चिरतेयस. एवढी कोथिंबीर कशाला, म्हणून बघायला आले."

खोक्यातले आवाज मात्र प्लास्टिकच्या बादलीसारखे. म्हणून सॉफ्टवेअर घेतलं. कुठल्यातरी परक्या देशात, उंच छताच्या स्टुडिओत, कुणीतरी खरे ड्रम हळू, जोरात, कडेला, मधोमध अशा शंभर तऱ्हांनी वाजवलेत आणि एकेक टोला रेकॉर्ड करून ठेवलाय. आपलं खोकं लॅपटॉपला जोडायचं. मी रबरावर काठी मारायची. तितक्याच जोराने त्या माणसाने कधीकाळी मारलेला टोला माझ्या कानात वाजणार.

"छान आहे की," टीचर म्हणाल्या.

"छानच आहे. जुळलं असतं तर."

"काय जुळलं नाही?"

"काय जुळलं ते विचारा! आधी लॅपटॉपनं खोकं ओळखलंच नाही. मग ओळखलं, तर स्नेअरच्या ड्रमवर मारलं की घंटा वाजायची. गाईच्या गळ्यातली. मग एकेका पॅडची ओळख करून दिली, बाबा रे, हा स्नेअर, ही हायहॅट. तर हायहॅटची जोडझांज उघडी ती उघडीच. पायानं कितीही दाबा, मिटेना. ती मिटली तर पायाचा मोठा ड्रम गप्प. व्हिडिओ बघितले. त्यात एक पोरगा पहिल्याच वाक्याला म्हणतो, हे अगदी सोपं आहे. मला त्याच्या आईला फोन करावासा वाटला."

टीचर हसल्या नाहीत, पण त्यांचा दाणा जरा उशिरा पडला.

"आणि मग?"

"मग सगळं नीट झालं आणि हे टटप् सुरू झालं."

"एवढं सगळं केव्हा केलंस? बाळ झोपल्यावर?"

"बाळ झोपत नाही, टीचर. बाळ डोळे मिटून माझी परीक्षा घेतं."

निषादने ओढणी सोडली आणि माझ्या बोटांकडे मोर्चा वळवला. मी वाल लपवले. घशात अडकण्याजोगी प्रत्येक वस्तू आजकाल मला लांबून दिसते. बटणं, शेंगदाणे, पेनांची टोपणं. पूर्वी मी एवढी हुशार नव्हते.

"उद्या दुपारी काय आहे?" टीचरनी विचारलं.

"नाटकाचं संगीत द्यायचंय. हृषीकेशच्या."

"तो दाढीवाला?"

"आता काढली. त्याच्या सगळ्या नाटकांना मीच वाजवत आलेय. मागच्या नाटकाला तर निषाद पोटात होता. पोट मध्ये यायला लागलं तेव्हा स्टूल मागे सरकवलं, काठ्या लांब धरल्या आणि वाजवलं. या नाटकात शेवटच्या प्रवेशात बोलणंच नाही. नुसते ड्रम. परवा त्याचा फोन आला."

"ओरडला?"

"ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, 'तू ताण नको घेऊस गं. नाही जमलं तर आपण तयार ठेक्याचा लूप टाकू. लोकांना काय कळतंय!'"

"चांगलं बोलला."

"चांगलंच बोलला! हल्ली सगळेच माझ्याशी चांगलं बोलतात. कुणी साधं खेकसतसुद्धा नाही." माझ्या हातून आणखी एक दाणा उडाला. "एकदा लूप टाकला ना टीचर, की पुढच्या नाटकालाही लूपच. त्याच्या पुढच्यालाही. कुणी मला काढलं असं होणारच नाही. फक्त मला कुणी विचारणार नाही... आणि मी घरी बसून कोथिंबीर चिरणार."

टीचरचा हात थांबला.

"सेट कुठंय?"

"गाडीत."

"वाजव बघू."

सेट खरंच गाडीत होता. मागच्या सीटवर एका बाजूला निषाद, दुसऱ्या बाजूला दुमडलेला सेट, आणि बेल्ट दोघांनाही लावलेला.

टीचरची शिकवायची खोली घराच्या मागे आहे. एक दार घरात उघडतं, एक मागच्या वाडीत. त्या दारातून केळींच्या पलीकडे बावखल दिसतं, म्हणजे वाडीला पाणी घालायला खणलेलं जुनं तळं. शिकायला यायचे तेव्हा मी त्याच्या काठी बसून डबा खायचे. आज दारातून ते दिसलं आणि पहिला विचार आला, याला कठडा का नाही.

जमिनीवर गोधडी घातली, निषादला तिच्यावर बसवलं. चारी बाजूंनी उशा लावल्या. सेट उभा केला, वायरी लावल्या. मग पर्समधून छोटा स्टँड काढला आणि त्यावर फोन, निषादकडे तोंड करून.

टीचर परात घेऊन खुर्चीत बसल्या होत्या.

"हा फोन कशाला?"

"कॅमेरा लावलाय. बाळ जास्त हललं की वाजतो."

"बाळ समोर आहे."

"आहे. पण मी वाजवत असताना..."

"हं."

मी हेडफोन चढवला. काठ्या घेतल्या. मग आठवलं, यांना काहीच ऐकू येणार नाही.

"टीचर, तुम्हालाही हेडफोन लावून देऊ? आणलाय मी जास्तीचा."

"नको. येतंय मला ऐकू."

"तुम्हाला नुसती पॅडची टकटक येत असेल."

"हं."

मी स्नेअरवर एक टोला मारला.

टटप्.

"हे! आलं बघा. म्हणजे तुम्हाला नाही आलं, पण आलं."

टीचर उठून जवळ आल्या. लॅपटॉपकडे त्यांनी बघितलंही नाही. खोक्यावर वाकल्या. चर्चने त्यांच्या माळ्यावरही असाच सेट आणलाय, त्यामुळे त्यांना ते खोकं नवं नाही. एका चकतीवर बोट ठेवलं.

"ही एवढी वर का केलीस?"

"तो खोक्याचा आवाज आहे."

"आवाज तर लॅपटॉपमधून घेतेस ना?"

"हो."

"मग हा?"

"असू दे म्हटलं. आधाराला. सॉफ्टवेअर मधेच बंद पडलं तर निदान काहीतरी..."

मी बोलता बोलता थांबले.

टीचर परत जाऊन बसल्या. टण्.

खोक्याच्या मेनूत याचीच एक ओळ होती. मी रोज तिच्यावरून जात होते. पॅडवर मारलं की खोक्याने स्वतः वाजायचं की फक्त लॅपटॉपला कळवायचं, एवढंच ती विचारत होती. मीच तिथे 'स्वतः वाज' ठेवलं होतं. म्हणजे माझा टोला आधी खोकं वाजवत होतं, आणि मग तोच टोला त्या परदेशातल्या माणसाकडून फिरून येत होता. गेले कित्येक दिवस मी दोघांनाही कामाला लावून, वर दोघं एकदम का बोलतात म्हणून चिडत होते.

"पाळण्याला दोरही दुहेरी बांधलास का गं?" टीचर म्हणाल्या.

"...खाली गाद्यापण दोन घातल्यात."

"बंद कर ते."

"केलं तर काय होईल?"

"एक गप्प बसेल."

मी बंद केलं. काठी मारली.

टप्.

एकच. भरीव, गोल, उंच छताच्या खोलीतला. मला रडू यायच्या बेतात होतं. मी हेडफोन काढून त्यांना सांगितलं, "गेलं, टीचर! एकच राहिला. दोनही नाहीत आणि तुमचे तीनही नाहीत."

"तीन होते. आता दोन राहिले."

"नाही हो! एकच ऐकू येतोय!"

"हं."

मी वाद घातला नाही. काम होतं. शेवटच्या प्रवेशाचा ठेका हृषीकेशच्या माणसांनी केलेल्या रेकॉर्डिंगवर वाजवायचा होता. पात्रांच्या पावलांचा आवाज, एक दार, बस्स. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि वाजवलं.

पडद्यावर बघितलं. लॅपटॉप तालाच्या उभ्या रेघा दाखवतो आणि आपला टोला कुठे पडला तेही. टोला रेघेवर हवा.

माझा प्रत्येक टोला रेघेच्या उजवीकडे होता. म्हणजे मागे. फार नाही, केसभर. पण प्रत्येक.

पुन्हा वाजवलं. उजवीकडे.

वायर बदलली. सॉफ्टवेअरमध्ये जिथे जिथे आकडे कमी करता येतात तिथे कमी केले. लॅपटॉप बंद करून चालू केला. त्याने चालू होताना एक अपडेट हवाय का म्हणून विचारलं. मी त्याला सासरी कुणासमोर बोलत नाही तसं बोलले.

पुन्हा वाजवलं. उजवीकडे.

"आता कुणाची चूक म्हणू?" मी काठ्या मांडीवर टाकल्या. "खोकं गप्प आहे. सॉफ्टवेअर शहाण्यासारखं वागतंय. वायर नवी आहे. तरी मी मागे! मलाच लूप लावा आता. आई म्हणूनही लावा, निदान वेळेवर उठेल."

निषादला हे आवडलं. तो हसला आणि तोल जाऊन उशीवर पडला. मी अर्धी उठले. तो स्वतःच उठून बसला. मी खाली बसले.

टीचर माझ्याकडे बघत होत्या. पडद्याकडे नाही, माझ्या डोक्याकडे.

"तो कान कुठंय?"

"कुठला?"

"डावा."

मी हात लावून बघितलं. हेडफोनची डावी वाटी कानाच्या मागे सरकवलेली होती. मी सरकवली असणार. कधी, ते आठवेना.

"तो बाळाकडे आहे," मी म्हणाले.

"आणि ठेका?"

"उजव्यानं ऐकते ना."

"हं."

"पूर्ण लावला तर मला त्याचं रडणं ऐकू येणार नाही, टीचर. हा सगळा त्रास त्याच्यासाठीच तर आहे. आवाज नको म्हणून हेडफोन, आणि हेडफोन लावला की तो मला ऐकू येत नाही. मग मी अशी... एक टोला मारते, तो काही बोलला का बघते. मग पुढचा."

बोलून झाल्यावर मलाच ते ऐकू आलं. पण ऐकू येऊन काय करणार होते मी?

टीचर पुन्हा सोलायला लागल्या. दोन दाणे पडले.

"मी पहिल्यांदा माळ्यावर बसले," त्या म्हणाल्या, "तेव्हा खाली लोक गायचे. त्यांचं गाणं वर पोचेस्तोवर उशीर व्हायचा. मी त्यांच्यासाठी थांबायचे."

"मग?"

"मग ते माझ्यासाठी थांबायचे."

"मग?"

"मग मी आणखी थांबायचे... शेवटी ते गाणं मधेच बसलं. खाली बसलं. फादर मान वर करून बघायला लागले, माळ्यावर कुणी मेलं की काय."

मला हसू आलं. "मग काय केलंत?"

"थांबणं सोडलं."

"आणि खालचे लोक?"

"आले की मागनं."

"टीचर, ते लोक मोठे होते. हा साडेसात महिन्यांचा आहे."

"हं."

एवढे 'हं' ऐकल्यावर मला त्यांच्यातला फरक कळायला लागला होता. हा आधीच्यांसारखा नव्हता. हा खुर्चीतून उठायच्या आधीचा होता.

त्या उठल्या. गाऊनला हात पुसले. स्टँडवरचा माझा फोन काढला आणि परातीत वालांच्या सालांमध्ये ठेवला. मग निषादला उचलून कडेवर घेतलं.

"कुठे नेताय?"

"बाहेर."

"बाहेर पाणी आहे!"

"असू दे. मला पोहता येतं."

"आणि तो रडला तर?"

"रडेल."

"नाही, पण रडला तर मी काय..."

त्यांनी मोकळ्या हाताने माझ्या डाव्या कानावर हेडफोन नीट बसवला. वरून दाबला. सगळं गेलं. केळीची पानं, रस्त्यावरची स्कूटर, निषादचं बडबडणं. टीचरचे ओठ हलले.

मी वाटी उचलली. "काय म्हणालात?"

"काही नाही," त्या म्हणाल्या, आणि ती परत कानावर बसवली.

मग त्या वाडीच्या दाराने बाहेर गेल्या. माझं बाळ घेऊन. परात घेऊन. पायाने दार ओढून घेतलं.

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. आणखी काय करणार?

पावलं. दार. मग मी.

पहिल्या ओळीत मी फक्त ते बंद दार बघत होते. हेडफोनच्या आत इतकं शांत होतं की मला माझं गिळणं ऐकू येत होतं, आणि त्या शांततेत निषाद रडत होता. म्हणजे मला तसं वाटत होतं. घरी नळ सोडला की त्यात मला तो रडताना ऐकू येतो. मिक्सरमध्ये येतो. लिफ्टमध्ये येतो. इथे काहीच नव्हतं तर त्यातही आला.

उठायचं ठरवलं. म्हटलं, ही ओळ संपली की उठते.

ती संपली. म्हटलं, पुढची संपली की.

त्यानंतर मध्ये कुठेतरी ते म्हणायचं राहून गेलं.

हात जड होते ते हलके झाले. मोठ्या ड्रमवर पाय आपोआप पडायला लागला. त्या परदेशातल्या माणसाने कुठे हळू मारलं होतं, कुठे जोरात, सगळं माझ्या मनगटाच्या मागे मागे यायला लागलं. एका ठिकाणी नाटकातलं पात्र खोलीच्या मधोमध थांबतं. तिथे मीही थांबले, पात्राच्या आधी, आणि ते येईपर्यंत वाट बघितली नाही. पुढचा टोला मारला. त्याचं पाऊल मागून आलं.

शेवटचा टोला. झांज हळूहळू विरत गेली. मी तिला हात लावला नाही.

पडद्याकडे नजर गेली. टोले रेघांवर होते. दोन-चार थोडे आधीसुद्धा. एरवी मी खोलीभर नाचले असते.

हेडफोन भिरकावला आणि दाराकडे धावले.

टीचर पायरीवर बसल्या होत्या. त्यांची पाठ बावखलाकडे. मांडीवर निषाद, तोंड दाराकडे. नाक लाल. पापण्या ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या. गालावर दोन वाळत आलेल्या रेघा. मुठीत वालाचं साल, ते मी आधी काढून घेतलं.

पण तो गप्प होता. हुंदकासुद्धा नाही.

"रडला?"

"रडला."

"खूप?"

"चांगला. त्या काठावरचे बगळे उडाले."

"मग मला हाक का नाही मारलीत?"

"तू वाजवत होतीस."

मला रागच आला. मी निषादला उचलून घेतलं. छातीशी धरलं. त्याने नेहमीसारखं माझ्या मानेत तोंड खुपसलं नाही. मान वळवली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागला, त्या उघड्या दाराकडे.

"मग गप्प कसा केलात याला?" मी विचारलं. "गाणं म्हटलंत? पाणी दाखवलंत? मला तरी सांगा टीचर, मी घरी सगळं करून बघते. खुळखुळा, मोबाइल, येरझाऱ्या. अर्धा अर्धा तास ऐकत नाही हा. काय केलंत तुम्ही?"

"मी?"

टीचरनी परातीतून माझा फोन काढला, त्याला चिकटलेलं साल पुसलं आणि माझ्या हातात दिला. मग एक दाणा चिमटीत धरला.

निषाद अजून दाराकडेच बघत होता.

"मी नाही केला गप्प. तिसरा ऐकत बसला होता तो, तुझ्या काठीचा..." टीचर म्हणाल्या. "थांबवलास कशाला?"